वडिलांचे गुण दोनदा मोजले जातात

मा. संपादक,

स. न. वि. वि.

प्रसिद्ध खेळाडूंच्या मुलांविषयीचा वाद आपल्या क्रीडापानावर आणि वाचकांच्या पत्रव्यवहारात अधूनमधून डोके वर काढतो आणि कॅल्गरीत बसून तो मी आवडीने वाचतो. अर्जुन तेंडुलकर मुंबई इंडियन्समधून लखनौ सुपर जायंट्सकडे गेल्यानंतर हा वाद पुन्हा पेटला. एका बाजूचे म्हणणे असे की, आडनाव वेगळे असते तर या मुलाला कोणी विचारले नसते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, खाण तशी माती, आज ना उद्या रक्त बोलेलच. या दोन्ही बाजूंचा हिशेब मला एकाच ठिकाणी चुकलेला दिसतो. ती जागा दाखवण्यासाठी क्रिकेटपेक्षा बर्फावरच्या हॉकीचे उदाहरण अधिक सोयीचे आहे, कारण तिथे अठरा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाचे मोल वर्षातून एकदा, नेमल्या दिवशी आणि चारचौघांसमक्ष ठरवावेच लागते. 'बघू पुढे' असे म्हणून वेळ मारून नेता येत नाही. (हॉकी म्हटल्यावर मैदानी हॉकी डोळ्यांपुढे येणाऱ्या वाचकांना ध्यानचंद आणि १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध निर्णायक गोल करणारे त्यांचे पुत्र अशोककुमार आठवतील. तो विषय वेगळ्या पत्राचा आहे.)

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचा ड्राफ्ट दर वर्षी उन्हाळ्यात होतो. बत्तीस संघ सात फेऱ्यांमध्ये आळीपाळीने एकेक मुलगा निवडतात, आदल्या मोसमात तळाशी राहिलेल्या संघांना सोडत काढून पहिले क्रमांक दिले जातात आणि त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत ज्यांना अठरा वर्षे पूर्ण होतात ती मुले निवडीस पात्र ठरतात. मुलाला संघ निवडता येत नाही आणि मनात भरलेला मुलगा आपली पाळी येईपर्यंत शिल्लक राहील याची संघालाही शाश्वती नसते. आयपीएलच्या लिलावात एखाद्या मुलाला तळाच्या मूळ किमतीला घेतले तर मालकाचे फारसे काही बिघडत नाही. २०२१ मध्ये अर्जुनला मुंबईने तसेच वीस लाखांना घेतले होते. ड्राफ्टमध्ये मात्र पहिल्या फेरीतला क्रमांक एकदा खर्ची पडला की पडला, आणि त्याच क्रमांकावर जो दुसरा मुलगा मिळू शकला असता तो पुढे कित्येक वर्षे समोरच्या संघातून आपल्यावर गोल करीत राहतो. नावाला भुलण्याची किंमत तिथे रोख मोजावी लागते.

२०२४ च्या ड्राफ्टमध्ये टिज इगिन्ला हे नाव होते. त्याचे वडील जरोम इगिन्ला हे कॅल्गरीचे दैवत आहे, असे म्हटले तर या गावात कोणी हसणार नाही. कॅल्गरी फ्लेम्सचे ते २००३ ते २०१३ या काळात कर्णधार होते. १५५४ सामने, ६२५ गोल आणि बरोबर १३०० गुण ही त्यांची कारकीर्द (या खेळात गोलाला एक गुण आणि गोलास साहाय्य करणाऱ्यालाही एक गुण मिळतो). २००१-०२ च्या मोसमात सर्वाधिक गोल आणि सर्वाधिक गुण हे दोन्ही मान त्यांच्याकडे होते. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात सिडनी क्रॉस्बीने ज्यावर सुवर्णपदकाचा गोल केला तो पास त्यांचाच होता. त्यांच्या बारा क्रमांकाच्या जर्सीला २०१९ मध्ये निवृत्ती देण्यात आली आणि २०२० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. अशा माणसाचा सतरा वर्षांचा मुलगा ड्राफ्टला उभा राहतो आणि त्याच वर्षी कॅल्गरीच्या हाती नववा क्रमांक येतो, तेव्हा गावाचे काय होत असेल याची कल्पना दादर-शिवाजी पार्कच्या वाचकांना मी करून द्यायला नको.

त्यात भर अशी की, फ्लेम्सचे सरव्यवस्थापक क्रेग कॉनरॉय हे २००१-०२ च्या त्या मोसमात जरोमच्याच फळीत (आघाडीवर एकत्र खेळणाऱ्या तिघांच्या गटात) मध्यभागी खेळत असत आणि जरोम स्वतः नोव्हेंबर २०२३ पासून त्यांचे विशेष सल्लागार होते. म्हणजे मुलाची निवड करणारा वडिलांचा जुना जोडीदार आणि त्याला सल्ला देणारा मुलाचा बाप! कोणाच्याही सचोटीविषयी शंका न घेता एवढे म्हणता येईल की, अशा खोलीत बसून एखाद्या मुलाविषयी 'हा मला नको' असे म्हणणे कोणत्याही स्काउटला, म्हणजे संघासाठी नवे खेळाडू हेरणाऱ्याला, जड गेले असते. ड्राफ्ट २८ जूनला लास व्हेगासच्या स्फिअरमध्ये होता. त्याच्या चार दिवस आधी, २४ जूनला, फ्लोरिडा पँथर्सने एडमंटनला सातव्या सामन्यात २-१ असे हरवून स्टॅन्ली करंडक, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकले. त्या सामन्यात विजयी गोल करणारा सॅम राइनहार्ट हा पॉल राइनहार्टचा मुलगा आणि त्याच संघातला मॅथ्यू टकाचक हा कीथ टकाचकचा मुलगा; दोघांचेही बाप याच लीगचे जुने खेळाडू. कॉफीच्या दुकानात, कार्यालयात, रिंकच्या (बर्फाच्या मैदानाच्या) कठड्यापाशी सगळीकडे एकच बोलणे ऐकू येत होते: पाहा, बापांची मुलेच शेवटी करंडक उचलतात. पॉल राइनहार्ट कॅल्गरीचा बचावपटू होता आणि मॅथ्यूला कॅल्गरीनेच २०१६ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडले होते, त्यामुळे या बोलण्याला घरचाच पुरावा मिळाल्यासारखे झाले होते.

सॅमच्या घराकडेच पुरते पाहिले असते तर हे बोलणे तिथेच थांबले असते. पॉल राइनहार्टला तीन मुलगे आणि तिघांचीही ड्राफ्टमध्ये निवड झाली. थोरल्या मॅक्सला कॅल्गरीने २०१० मध्ये तिसऱ्या फेरीत घेतले, त्याच्या वाट्याला या लीगमधले मोजकेच सामने आले. मधला ग्रिफिन २०१२ मध्ये चौथ्या क्रमांकावर गेला, म्हणजे टिजपेक्षाही वर, आणि या लीगमध्ये एकूण ३७ सामने खेळला. धाकटा सॅम २०१४ मध्ये दुसरा निवडला गेला आणि करंडकाच्या त्या मोसमात त्याने ५७ गोल केले. बाप तोच, घर तेच, जेवणाचे टेबलही तेच. नायलँडर बंधूंचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मायकेल नायलँडर कॅल्गरीकडून खेळत असताना विल्यम आणि अलेक्झांडर या दोघांचाही जन्म इथे झाला. विल्यमला टोरोंटोने २०१४ मध्ये आठव्या क्रमांकावर निवडले, अलेक्झांडरला बफेलोने २०१६ मध्ये आठव्याच क्रमांकावर निवडले. आज विल्यम टोरोंटोच्या प्रमुख खेळाडूंपैकी एक आहे आणि २०२४ च्या जानेवारीत त्याने आठ वर्षांचा ९२ दशलक्ष डॉलरचा करार केला. अलेक्झांडर एका संघातून दुसऱ्या संघात फिरत राहिला आणि कुठेच स्थिरावला नाही. वडिलांचे नाव हा पुरावा म्हणून इतका भरवशाचा असता तर सख्ख्या भावांमध्ये इतके अंतर पडले नसते. बापाच्या नावावरून मुलाचे भाकीत करणाऱ्याने आधी त्याच बापाच्या दुसऱ्या मुलाची चौकशी करावी, एवढा साधा नियम पाळला तरी निम्मी भाकिते गळून पडतील.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. टिजने २०२३-२४ च्या मोसमात केलोना रॉकेट्सकडून, पश्चिम कॅनडातल्या कनिष्ठ गटाच्या वेस्टर्न हॉकी लीगमध्ये, ६४ सामन्यांत ४७ गोल आणि ३७ साहाय्ये असे ८४ गुण मिळवले. त्या ४७ गोलांमध्ये वडिलांचा वाटा नाही असे कोण म्हणेल? शरीराची ठेवण आली, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून पायांत स्केट आले, केलोनातल्या हॉकी अकादमीत स्वतः जरोमनी दिलेले प्रशिक्षण आले, सामन्यानंतर गाडीतून घरी येताना होणारी चर्चा आली. हे सगळे मुरलेला मुलगाच बर्फावर उतरतो आणि हे सगळे मुरल्यानंतरच ते ४७ गोल होतात. ते गोल एकदा हिशेबात धरल्यावर 'शिवाय इगिन्लाचा मुलगा' म्हणून वर आणखी काही देणे म्हणजे वाण्याने एकाच नारळाचे पैसे दोनदा लावण्यासारखे आहे. वशिल्याची तक्रार करणारे नेमके उलट करतात. ते म्हणतात, यातून बापाचे वजा करा. पण वजा करणार कशातून? समोरच्या गोलरक्षकाने पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) अडवताना आडनाव विचारले नव्हते. रांगेत आधी उभे राहायला मिळाले ही तक्रार दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या निवडीत रास्त आहे आणि तिथे ती जोरात करावी. सतराव्या वर्षी गोलफलकाने सांगितलेले मात्र जसेच्या तसे मान्य करावे लागते.

याला एक अपवाद मी मानतो. मुलाविषयी हाती काहीच नसते, दोन-चार सामने पाहिलेले असतात, तेव्हा वडिलांची उंची, शरीर, त्यांची कारकीर्द यांवरून काही अंदाज बांधणे गैर नाही. पण टिजचे कनिष्ठ गटातले नियमित मोसमाचेच ११२ सामने स्काउटांपुढे होते. पुरावा जसजसा साठत जातो तसतसे नावाचे वजन उतरत गेले पाहिजे, आणि प्रत्यक्षात होते याच्या उलट. मुलगा जितका ड्राफ्टच्या जवळ येतो तितकी वर्तमानपत्रे वडिलांविषयी अधिक लिहितात.

या लिहिण्याचा एक नमुना सांगतो. सोळाव्या वर्षी टिज सिएटल थंडरबर्ड्सकडून ४८ सामने खेळला आणि त्याने सहा गोल केले. जरोमही सोळाव्या वर्षी, १९९३-९४ मध्ये, त्याच लीगमध्ये कॅमलूप्स ब्लेझर्सकडून ४८ सामने खेळले होते आणि त्यांचेही गोल सहाच होते! असा योग दिसला की लिहिणाऱ्याचा हात शिवशिवतो. अर्जुनने डिसेंबर २०२२ मध्ये गोव्याकडून राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणात शतक केले, तेव्हा सचिनच्या डिसेंबर १९८८ मधल्या गुजरातविरुद्धच्या पदार्पणी शतकाशी त्याची सांगड आपल्याकडच्या प्रत्येक पत्राने घातली होती, हे वाचकांना आठवत असेल. या शतकाच्या जुळण्यातून अर्जुनच्या गोलंदाजीविषयी कोणाला काय कळले, हे मला अजून समजलेले नाही. आणि संघाला तो हवा होता तो मुख्यतः डावखुरा वेगवान गोलंदाज म्हणून. इगिन्ला पितापुत्रांच्या सहा गोलांमागे मात्र एक कारण आहे आणि ते रक्तात नाही. १९९४ चे कॅमलूप्स आणि २०२३ चे सिएटल हे दोन्ही संघ त्या त्या वर्षी लीगचे विजेते होते. विजेत्या संघात एकोणीस-वीस वर्षांची तयार मुले पहिल्या दोन फळ्यांत असतात, सोळा वर्षांच्या मुलाला चौथ्या फळीत बसवतात आणि त्याच्या वाट्याला बर्फावरची थोडीच मिनिटे येतात. त्या मिनिटांत सहा गोल होतात. याच जागी साध्या घरातला मुलगा असता तर त्याचेही सहाच झाले असते आणि त्याच्याकडे कोणी पाहिले नसते, हीच खरी हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

म्हणून टिजच्या बाबतीत पाहण्यासारखी गोष्ट होती ती पुढची. सिएटलहून केलोनाला बदली झाल्यावर एका वर्षात सहाचे ४७ झाले. त्यातले किती जास्तीच्या मिनिटांमुळे, किती सोबत्यांमुळे आणि किती मुलाच्या स्वतःच्या वाढीमुळे? केलोनामध्ये त्या मोसमात अँड्र्यू क्रिस्टल हा एक वर्ष मोठा खेळाडू होता आणि त्याने १११ गुण मिळवले होते. असा जोडीदार संघात असला की स्काउटाला रजिस्टर उघडून बसावेच लागते: कोणता गोल क्रिस्टलच्या पासवर झाला, कोणता मुलाने स्वतः घडवला, क्रिस्टल बाहेर असताना काय झाले. मॅथ्यू टकाचकच्या वेळी हीच शंका होती. कॅनडातल्याच लंडन नाइट्स या कनिष्ठ संघाकडून त्याने ५७ सामन्यांत १०७ गुण केले, पण शेजारी मिच मार्नरसारखा तगडा जोडीदार खेळत होता. कॅल्गरीने ती शंका तपासून पाहिली, मुलगा घेतला आणि निवड बरोबर ठरली. ती कीथच्या नावावरून केली असती तरी बरोबरच ठरली असती, हे मान्य आहे, पण तशी निवड पुढच्या खेपेला उपयोगी पडत नाही.

एप्रिल-मे २०२४ मध्ये फिनलंडमध्ये अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा झाली. तिथे क्रिस्टल नव्हता. टिजने सात सामन्यांत सहा गोल आणि सहा साहाय्ये केली आणि कॅनडाने अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवून सुवर्णपदक जिंकले. माझ्या मते त्याचा क्रमांक वर जाण्यास या दोन आठवड्यांइतके सबळ कारण दुसरे कोणतेही नव्हते.

आणखी एक आकडा आहे, ज्याकडे इथल्या चाहत्यांनी फारसे लक्ष दिले नाही. टिजचा जन्म ४ ऑगस्ट २००६ चा. तो सहा आठवड्यांहून जरा अधिक उशिरा जन्मला असता तर २०२५ च्या ड्राफ्टमध्ये गेला असता. म्हणजे आपल्या तुकडीतल्या सर्वांत लहान मुलांपैकी तो एक, आणि त्याच यादीत त्याच्यापेक्षा दहा-दहा महिन्यांनी मोठी मुले होती. सतराव्या वर्षी दहा महिने ही थोडी गोष्ट नव्हे. कॅनडातल्या मुलांच्या हॉकीत वयोगट जानेवारीपासून मोजतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुले वरच्या संघांत संख्येने जास्त भरतात, हे इथे चार दशकांपासून माहीत आहे. ऑगस्टचा मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना अंगाने लहान दिसतो, वरच्या संघातून वगळला जातो, मग त्याला कमी बर्फ मिळते, दुय्यम प्रशिक्षक मिळतो, आणि तेराव्या वर्षी उंची वाढू लागते तोवर घरच्यांचा धीर आणि पैसा दोन्ही संपलेले असतात. रिंक तासाच्या भाड्याने मिळते, स्केट दर वर्षी लहान होतात, एकेक काठी आई-बापाला आठवडाभर जाणवेल इतकी महाग असते. प्रसिद्ध वडिलांनी दिलेल्या देणग्यांत मला सर्वांत मोठी वाटते ती ही सबुरी. ते मुलाला थांबू देऊ शकतात. ही देणगी अन्याय्यपणे वाटली गेली आहे, पण तिच्यामुळे मुलाचा खेळ खोटा ठरत नाही.

आणि देणगी द्यायला प्रसिद्धच असावे लागते असेही नाही. त्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला मॅकलिन सेलेब्रिनी हा रिक सेलेब्रिनी यांचा मुलगा. रिक हे बास्केटबॉलच्या गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये खेळाडूंच्या आरोग्याचा आणि दुखापतींचा विभाग सांभाळतात. वाढत्या मुलाच्या शरीराला किती ताण द्यावा, कधी थांबवावे, हे ज्याच्या रोजच्या कामाचे आहे असा बाप घरात असणे हे एखाद्या स्पर्धकासाठी ६२५ गोल करणाऱ्या बापाइतकेच, कदाचित थोडे जास्तच, मोलाचे असेल. पण हॉकीच्या चाहत्यांना ते नाव परिचयाचे नव्हते, त्यामुळे कोणी मॅकलिनला त्याबद्दल वरचे गुण दिले नाहीत आणि कोणी वजाही केले नाहीत. त्याच्या बाबतीत सगळे फक्त त्याचा खेळ पाहत राहिले.

आईचा विषय तर या चर्चेत येतच नाही. ह्यूज बंधूंपैकी क्विन २०१८ मध्ये सातवा, जॅक २०१९ मध्ये पहिला आणि ल्यूक २०२१ मध्ये चौथा निवडला गेला. त्यांच्या आई एलन वाइनबर्ग-ह्यूज अमेरिकेच्या महिला संघाकडून १९९२ च्या जागतिक स्पर्धेत खेळल्या होत्या. त्याआधी ब्रेट हल. नामवंत खेळाडू बॉबी हल यांचा हा मुलगा, पण आई-वडील विभक्त झाल्यावर तो आईकडे वाढला आणि आई व्यवसायाने फिगर स्केटर होती. मुलाचे पाय बर्फावर कोणी घडवले हे शोधायला स्काउटांनी बॉबीचे जुने चित्रीकरण पाहून काय उपयोग? ब्रेटचे उदाहरण दुसऱ्याही अर्थाने महत्त्वाचे आहे, कारण तिथे नावाने मुलाचे नुकसान केले. अंगाने सुटलेला, मेहनतीला कच्चा, अशी त्याची ख्याती होती आणि बापाच्या तुलनेत ती अधिकच बोचत असावी. आधीच्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतले नाही. १९८३-८४ मध्ये पेंटिक्टनच्या कनिष्ठ संघाकडून ५६ सामन्यांत १०५ गोल केल्यावर कॅल्गरीने त्याला सहाव्या फेरीत, ११७ व्या क्रमांकावर निवडले आणि मार्च १९८८ मध्ये सेंट लुईसला देऊनही टाकले. त्याने पुढे कारकिर्दीत ७४१ गोल केले. बॉबींचे ६१० होते. कॅल्गरीने त्या सौद्याच्या पुढच्याच वर्षी करंडक जिंकला म्हणून इथे त्याची फारशी हळहळ कोणी करीत नाही, पण १०५ गोल दिसत असताना ११६ मुले आधी निवडली गेली, हे विसरण्यासारखे नाही.

नाव आणखी एका प्रकारे फसवते. ते खेळाची शैली आधीच ठरवून टाकते. टाय डोमी हे कारकिर्दीत ३५१५ मिनिटे शिक्षेच्या कोठडीत बसलेले, मारामारीसाठी प्रसिद्ध खेळाडू. त्यांचा मुलगा मॅक्स २०१३ च्या ड्राफ्टला आला, तेव्हा तो बेताच्या उंचीचा, हात हलका असलेला, दुसऱ्याला गोल करायला लावणारा खेळाडू होता आणि मोसमात त्याने ८७ गुण मिळवले होते. (गंमत अशी की, त्याचे प्रशिक्षक डेल हंटर हे शिक्षेच्या मिनिटांच्या सर्वकालीन यादीत टाय डोमींच्याही एक पायरी वर आहेत.) बापाची धडक शोधायला गेलेल्या माणसाला या मुलात फक्त उणीव दिसली असती. टिज डाव्या हाताने खेळतो, जरोम उजव्या हाताने खेळत. जरोमसारखी खांदा देऊन माणूस भिंतीवर आपटण्याची रीत त्याच्यात शोधणारे मात्र इथे पुष्कळ होते.

मग पाहायचे काय? माझ्या मुलांच्या निमित्ताने मी रिंकच्या थंडगार बाकांवर बराच काळ बसलो आहे आणि वरच्या कोपऱ्यात, पालकांपासून दूर, एकटे बसणारे स्काउट पाहिले आहेत. पालकांची नजर पकवर असते, स्काउटाची नसते. पक कोपऱ्यात टाकला गेला की तो घ्यायला धावणारा मुलगा पोहोचण्याआधी मान वळवून मागे एकदा, शक्य तर दोनदा पाहतो का, हे तो टिपतो. ज्याने पाहिले त्याला पक हाती येण्याआधीच पुढची जागा ठाऊक असते. ज्याने पाहिले नाही तो भिंतीला तोंड करून उभा राहतो, मागून धक्का खातो आणि पक अंदाजाने सोडून देतो. पक गमावल्यावर मुलगा ताठ उभा राहून घसरत परत येतो की वाकून तीन जोरकस पावले टाकतो, हेही तो टिपतो. प्रशिक्षकाने बाकावर बसवून ठेवले तेव्हाचा त्याचा चेहराही. प्रसिद्ध माणसाच्या मुलाबाबत मी यात एकाच गोष्टीची भर घालीन: वडील रिंकमध्ये हजर असतानाचे सामने आणि नसतानाचे सामने वेगवेगळे पाहावेत.

शेवटचा प्रश्न स्काउटांच्याही तोंडी क्वचितच ऐकू येतो. समान गुण असलेल्या दोन मुलांपैकी एकाला सहाव्या वर्षापासून सर्वोत्तम शिक्षण मिळाले आहे आणि दुसऱ्याने चौदाव्या वर्षापर्यंत गावातल्या तळ्यावर आणि शाळेच्या संघात दिवस काढले आहेत, तर पुढच्या पाच वर्षांत अधिक वाढण्याची शक्यता कोणाची? मला वाटते, दुसऱ्याची. पहिल्याला जे मिळायचे ते बरेचसे मिळून चुकले आहे. म्हणजे वडिलांचे नाव हे खरे तर भविष्याविषयी आश्वासन देण्याऐवजी एक सावध प्रश्न उभा करते. टिजच्या बाबतीत ऑगस्टचा जन्म, एका वर्षातली झेप आणि फिनलंडमधली कामगिरी यांनी त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर दिले होते, म्हणून पहिल्या आठांत त्याची जागा योग्यच होती, असे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे.

प्रत्यक्षात कॅल्गरीची पाळी येण्याआधीच सहाव्या क्रमांकावर युटाने त्याला निवडले. अॅरिझोनातून सॉल्ट लेक सिटीला नुकत्याच गेलेल्या त्या संघाची ती पहिलीवहिली निवड, आणि तिथे इगिन्ला या नावाशी कोणाचे भावनिक नाते नव्हते. कॅल्गरीने नवव्या क्रमांकावर झेन पारेख हा बचावपटू घेतला. आडनाव वाचून आपल्याकडच्या वाचकांच्या भुवया उंचावतील, पण मुद्दा असा की, बचावपटू असून त्याने ६६ सामन्यांत ९६ गुण केले होते. गाव आठवडाभर हळहळले. पुढच्या मोसमात टिज २१ सामने खेळला, त्यात ३२ गुण मिळवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये नितंबाच्या सांध्यांच्या शस्त्रक्रियेमुळे उरलेला मोसम त्याला बाहेर बसावे लागले. १५५४ सामने खेळलेल्या, क्वचितच गैरहजर राहिलेल्या बापाच्या मुलाविषयी ही शंका ड्राफ्टच्या आधी कोणाच्या मनातही आली नसेल. त्यावरून निवड चुकली असे मी म्हणत नाही. इतक्या लवकर तसे कोणालाच म्हणता येणार नाही.

आपल्या पत्राला मात्र एक विनंती करावीशी वाटते. मुंबई, महाराष्ट्र किंवा गोव्याच्या सोळा आणि एकोणीस वर्षांखालील संघात एखाद्या नामवंताच्या मुलाची निवड झाल्याची बातमी आपण छापता, तेव्हा वडिलांच्या कारकिर्दीचा परिच्छेद थोडा आखडून त्या जागी त्या मुलाची जन्मतारीख, तो कितव्या क्रमांकावर फलंदाजीला आला किंवा त्याने नवा चेंडू टाकला की जुना, समोर कोणता संघ होता, आणि त्याच जागेसाठी आणखी कोणाचा विचार झाला होता, एवढे छापावे.

आपला नम्र,
एक वाचक,
कॅल्गरी, कॅनडा